स्टेशन एवढं लांब कोणी नेलं

१५ मार्च १९२१, मंगळवार.
आजपासून आमच्या स्टेशनचा इतिहास लिहायला घेतला. मराठी तिसरी झालोय, तेवढं पुरतं. पाडव्याला स्टेशनवर नवी पाणपोई उघडणार. स्टेशनमास्तर म्हणाले, मोतीरामबाबा, तुम्हीच चार ओळी वाचा. पाणपोईवर वडिलांच्या नावाची शिला लागलीच पाहिजे. स्टेशन त्यांनी आणलं, हे मी जन्मभर सांगत आलो आहे.

१७ मार्च.
पाहणीला गेलो. टिनाचं छप्पर. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. इंजिनाला पाणी पाजायची टाकी. रुईच्या गाठींचा ढीग. सगळं उत्तम. पण दीड कोस चालून पोटऱ्या भरल्या. वाटेत झाड नाही, कोरडा नाला तेवढा. ज्या मूर्खानं स्टेशन एवढं लांब नेलं, त्याचं नाव इतिहासात पहिलं.

१८ मार्च.
पाय सुजले. लेखन बंद.

२६ मार्च.
लेक कोकिळा आली. कडेवर पोर, डोक्यावर ऊन. उंबऱ्यातच म्हणाली, बाबा, ज्यानं हे टेसन तिकडं नेलं त्याच्या तोंडात माती पडो! मी म्हटलं, त्याले सोडत नाही. आमची बायको गोजर म्हणाली, लिवा तुमच्या बुकात तेही. लिहिणार.

२ एप्रिल.
अजून पहिलं वाक्य नाही. शाई पातळ आहे.

५ एप्रिल.
त्या मूर्खाचं नाव हवं म्हणून पारावर रुखमाबाईला विचारलं. गावात तिच्याएवढं जुनं कोणी नाही. म्हणाली, काऊन रे मोत्या, तुले माईत नाही? तुह्या बापानंच तं नेलं! मोजणीचा साहेब आला तवा त्याच्या साखळीवर तुहा बाप आडवा पडला. म्हणे, धुरानं म्हशी आटतीन. साहेबानं लाईनच तिकडं सरकवली.
सगळा पार हसला. पंजाबराव पाटील म्हणाले, मंग शिला नाल्यापाशी लावू. लोक तिथंच बसून शिव्या देतात. कोकिळा घागर घेऊन उभी होती. तीही हसली. मग तिनं जीभ चावली.

६ एप्रिल.
रुखमाबाईचं वय झालं, काहीही बोलते. तरी आमच्या म्हशी कधी आटल्या नाहीत, हे इतिहासात घ्यावं.

८ एप्रिल.
उद्या पाडवा. शिलेचं मास्तरांना सवडीनं सांगू. इतिहास मात्र सुरू झाला. पहिलं वाक्य: ‘आमचे स्टेशन गावापासून तसे फार लांब नाही.’
गोजरला वाचून दाखवलं. ती उद्या चालायचंय म्हणून माझ्या पायांना तेल चोळत बसली.