वावरातली ताकद

१९ जुलै, मेहकर

वही घेऊन अकरा दिवस झाले, पहिलं पान आज! मधे दोस्त नौशादच्या टेम्पोवर अमडापूरच्या बाजारात गेलो, तिथून भलतीकडेच. उद्यापासून रोज लिहीन असं लिहीत नाही — उगाच खोटं.

क्लासमधे जपानी अक्षरं चालू आहेत. सर अक्षराचे तुकडे सांगतात, म्हणतात, "गोष्ट तुमची तुम्ही जोडा, मंग अर्थ ध्यानात राह्यते." माणूस झाडाला टेकला — विश्रांती. हे मला एका झटक्यात आलं! जन्मभर तेच केलं.

२२ जुलै

आज 男. वर वावर, खाली ताकद. डोळे मिटले तर आईच दिसली, सोयाबीनमधे वाकून निंदणारी. अर्थ न पाहताच "बाई" लिहून मोकळा झालो. आता मेलो तरी विसरत नाही!

२६ जुलै

चाचणीत तेच लिहिलं. लाल काट! उत्तर म्हणे "पुरुष".

"काऊन? वावरात राबते कोण?"

"अश्वजित, हे अक्षर जपानात वापरतात. तुह्या साखरखेर्ड्यात नाही."

सगळे हसले. मागच्या बाकावरून मलिहा बोलली, "सर, निंदाले गेलेला एक तरी गडीमाणूस दाखवा ना!" तिलाही गप्प बसवलं.

चार ऑगस्टला जपानचा शेतमालक तिकडच्या शेतावर कामाला माणसं निवडायला येणार. सर पाचच नावं देणार. माझं एका गुणानं कटलं — त्याच एका!

२७ जुलै

डोकं तापलेलंच. पुरुष तर पुरुष, शंभर वेळा लिहून काढीन. पण गोष्ट तुमची जोडा म्हणता, अन् जोडली की हसता?

आईला फोनवर सांगितलं. म्हणे, "ज्यानं ते अक्षर काढलं, त्याले एक दिवस माह्यासंगं निंदाले पाठव. पाहू किती ताकद हाय!"

२९ जुलै

क्लासला निघालो. लोणारची बस उभी दिसली. चढलो.

३ ऑगस्ट

कालच लोणारहून परतलो. मलिहा आत्ताच धापा टाकत खोलीच्या दारात. "भाऊ, चाल लवकर! जपानचा मालक एक दिवस आधीच आला. आला कायचा, आली! बाई हाय! सरच तर्जुमा करून राह्यले, तोंड पाह्याजोगं झालं त्यायचं. यादी तिनं हातातबी नाही घेतली. म्हणे, सगळ्यायले पयले वावरात न्या."