वर्षाचे सात दिवस कोणाच्या नावे करावेत

मी, नलिनी ऊर्फ नलू श्रावण मनवर, वय ६७ वर्षे, सेवानिवृत्त आरोग्यसेविका, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी साखर थोडी वाढलेली आहे, गुडघे गेलेले आहेत, परंतु डोके जागेवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. फक्त एका बाबतीत माझा गोंधळ आहे आणि ती बाब कलम ५ पासून पुढे येईल. दारव्ह्याच्या वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात गोंधळ लिहायचा नसतो, निर्णय लिहायचा असतो. निर्णय झाला असता तर मी केव्हाच लिहून मोकळी झाले असते. माझी मुलगी प्रियंका हिचे नेरला झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे, तिथे हे टाइप झाले असते. पण तिने हे आत्ताच वाचू नये म्हणून हाताने लिहीत आहे.

१. माझे पती श्रावण महादेव मनवर, एस.टी.चे कंडक्टर, २०२२ साली वारले. आम्हाला दोन अपत्ये. मुलगा संघदीप पुण्याला नोकरीत आहे, त्याची पत्नी रंजिता. मुलगी प्रियंका २०१७ साली सासर कायमचे सोडून परत आली. याशिवाय कोणी वारस म्हणून उभा राहिला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

२. दवाखान्यामागचे दोन खोल्यांचे स्लॅबचे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे व ग्रामपंचायतीत माझ्याच नावे आहे. ते प्रियंकाला द्यावे. संघदीपचा पुण्यात फ्लॅट आहे, त्याने राग धरू नये. धरलाच तर रंजिताला सांगावा, ती समजूतदार आहे. शेजाऱ्यांचे सांडपाणी आमच्या भिंतीला लागते, त्यावरून अकरा वर्षे भांडण चालू आहे. घराबरोबर तेही प्रियंकाकडे जाईल. तिने ते सोडू नये.

३. पोस्टातली शिल्लक दोघांनी अर्धी अर्धी घ्यावी. माझी सोन्याची पोत रंजिताला द्यावी. श्रावण दवाखान्यात होता तेव्हा त्याची उष्टी-खरकटी, ओले कपडे सगळे तिने केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मी तिला त्या वेळी काही म्हटले नाही, म्हणून इथे म्हणते: रंजिता, मला सगळे दिसत होते.

४. बी.पी.चे यंत्र आणि बाळाचे वजन करायचा झोळीचा काटा आशा कार्यकर्ती बेबीताई ढोके हिला द्यावा. काटा मी माझ्या पैशाने घेतलेला आहे. तो सरकारी असल्याचा संशय घेऊन माझ्याकडून तीन वेळा लेखी खुलासा घेण्यात आला, चौथा देणार नाही. ज्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात ‘उद्धट’ असे लिहिले त्यांना माझ्या पश्चात होणाऱ्या पुण्यानुमोदनाला आठवणीने बोलवावे, पहिल्या पंगतीत बसवावे आणि आग्रह करून वाढावे. श्रावणची चामड्याची तिकिटांची बॅग किसनसिंग धावजी राठोड यांना द्यावी. ते त्याचे ड्रायव्हर होते, बावीस वर्षे एका गाडीवर काढली दोघांनी.

५. आता सुट्टीचे सदस्यत्व. २०१३ साली, श्रावण रिटायर झाला त्या वर्षी, आम्ही एका कंपनीचे पंचवीस वर्षांचे सदस्यत्व घेतले. वर्षातून सात दिवस, देशात त्यांचे जिथे जिथे रिसॉर्ट आहे तिथे एक खोली. त्याची तेरा वर्षे अजून बाकी आहेत. ही तेरा वर्षे मी संघदीपला देते.

६. कलम ५ रद्द समजावे. संघदीपला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, “आई, हे तू मले देऊन नाही राह्यली, माया गळ्यात टाकून राह्यली.” त्याचेही खोटे नाही. जा की न जा, दर वर्षी देखभालीचा खर्च भरावाच लागतो आणि तो दर वर्षी वाढतो. जाण्यायेण्याचे भाडे आपले, जेवण आपले. शाळेच्या सुट्टीत खोली हवी असेल तर नऊ महिने आधी सांगा म्हणतात. नऊ महिने आधी नोंदणी मी जन्मभर फक्त गरोदर बायांची केलेली आहे. परत करावे म्हणून फोन केला तर एक दाबा, दोन दाबा करत शेवटी गाणे लागले. वकील म्हणतात, वारसाला नको असेल तर तो नाकारू शकतो. मग देऊन तरी काय उपयोग?

७. म्हणून ते रंजिताला द्यावे असे ठरवले होते. ती म्हणाली, ठेवा आई, पैसे भरलेले असले की माणूस घराबाहेर तरी पडते. हेही मला पटले. ही माझी अडचण आहे, जो बोलतो त्याचे मला पटते. बारा वर्षांचा विचार केला तर आम्ही स्वतः एकदा गेलो. चार वेळा दुसऱ्यांना पाठवले, कारण लग्नाची मोठी भांडी मागायला यावे तसे लोक आमच्याकडे आठवडा मागायला येऊ लागले आणि श्रावणला नाही म्हणता येत नसे. किसनसिंग आणि त्यांची सुखीबाई गोव्याला जाऊन आले आणि समुद्राचे पाणी बाटलीत भरून आमच्यासाठी घेऊन आले. बाकीची वर्षे वाया गेली. आता हे फायद्यात धरायचे की तोट्यात? मी कुटुंब नियोजनाच्या सगळ्या पद्धती अडाण्यातल्या अडाणी बाईला समजावून सांगितल्या आहेत, पण हे मला स्वतःला समजावता येत नाही. कलम ७ मधला रंजिताचा उल्लेख तूर्त स्थगित ठेवावा. पोत मात्र तिचीच.

८. ते घेतले कसे, हे लिहून ठेवते, म्हणजे मुलांनी बापाला बोल लावू नये. यवतमाळला एका प्रदर्शनात कुपन भरले होते. फोन आला की नंबर लागला, भांड्यांचा सेट मिळेल, पण नवरा-बायको दोघांनी यायचे. हॉटेलच्या हॉलमध्ये आधी सरबत, मग पडद्यावर समुद्र, मग गोड बोलणारा टायवाला पोरगा, आणि तीन तासांनी कागद. मी तिथल्या तिथे ओळखले. नसबंदीच्या शिबिराला मी बाया अशाच आणत असे. नवऱ्याला सोबत आणा, आधी चहा, मग माहिती, आणि विचार करायला घरी जाऊ द्यायचे नाही. एवढे कळूनही मी उठले नाही, कारण श्रावणने त्या पोराला एकच प्रश्न विचारला: “तिथं गेल्यावर कोनी आपल्याले जागेवरून उठवत तं नाही ना?” चौतीस वर्षे तो पॅसेंजरला जागा देत उभा राहिला होता. पोरगा म्हणाला, काका, सात दिवस कोणी नाही उठवणार. श्रावणने सही केली आणि फॉर्म भरायला माझ्याकडे सरकवला, कारण माझे अक्षर चांगले.

९. आमचे एकमेव जाणे फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. महाबळेश्वरच्या अलीकडे. बुकिंग संघदीपने मोबाइलवरून केले. मी, श्रावण आणि प्रियंका ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो, तिथून संघदीपच्या गाडीत पाचही जण. प्रियंकाला सासर सोडून दोन वर्षे झाली होती, ती कुठे जात नसे, मीच तिला ओढून नेले. काउंटरवरचा माणूस प्रियंकाकडे बघून म्हणाला, खोलीत चार जण, पाचवा फक्त सदस्य कुटुंबातला चालतो, आणि त्यात यांचे नाव नाही. त्यांना पाहुणा म्हणून वेगळी खोली घ्यावी लागेल. प्रियंका म्हणाली, मी यांची मुलगी आहे, फॉर्म बघा. त्याने आमचा जुना फॉर्म कॉम्प्युटरवर काढला आणि पडदा तिच्याकडे वळवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग संघदीपकडे वळून म्हणाली, तूच माझे नाव टाकले नाहीस. संघदीप गाडी चालवून थकलेला होता, लोक बघत होते, आणि तो जे बोलला ते बोलायला नको होते: “सासर सोडून आली तं आता आमच्या सात दिवसांत बी हिस्सा पायजे का तुले?”

तिने बॅग उचलली आणि जीपने स्टँडवर गेली. एकटी नेरपर्यंत आली. आम्ही सात दिवस राहिलो. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि पुन्हा लिहिले. पैसे भरलेले होते म्हणून राहिलो. श्रावण गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिला, समोर दरी होती, आणि खरोखरच त्याला कोणी उठवले नाही. तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नाहीत. बापाच्या अंत्ययात्रेतही दोघे दोन बाजूंना उभे होते.

१०. आता जे सांगायचे ते. फॉर्ममध्ये रकाना होता, कुटुंबातील सदस्य. मी तीस वर्षे गावाचे कुटुंब सर्वेक्षणाचे रजिस्टर भरले. त्याचा नियम असा की मुलीचे लग्न झाले की तिचे नाव लाल शाईने कापायचे आणि सासरच्या घरात मोजायचे. प्रियंका तेव्हा सासरी होती, म्हणून मी हॉटेलच्या त्या टेबलावर तसाच फॉर्म भरला. श्रावण, मी, संघदीप, रंजिता. रंजिता घरात येऊन वर्ष झाले नव्हते, तिचे नाव टाकले. पोराने विचारले, मॅडम, आणखी दोन नावे बसतात, पैसे नाही लागत. मी म्हटले, नाही, एवढेच. आणि रजिस्टरच्या सवयीने शेवटच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या, म्हणजे मागाहून कोणाला नाव घुसवता येऊ नये.

काउंटरवर हे सगळे मला आठवले. बॅगा धरून मी तिच्या मागेच उभी होते. मी बोलले असते तर संघदीप ते वाक्य बोललाच नसता. मला लाज वाटली, आणि मग रोज उशीर होत गेला. संघदीपने जे तोंडातून काढले त्याचा दोष त्याचा. नाव नसल्याचा दोष त्याचा नाही, माझा आहे. मी सहा वर्षे तो माझ्या मुलाच्या डोक्यावर राहू दिला. प्रियंका, मला माफ कर असे लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढेच लिहिते की चूक झाली आणि ती मी केली.

११. सदस्यत्व घ्यावे की न घ्यावे, असे गावातले लोक मला अजून विचारतात. संघदीपसारखे बघितले तर घेऊ नये, किसनसिंगसारखे बघितले तर घ्यावे. मी त्यांना सांगते, आधी फॉर्म कोण भरणार ते ठरवा. ते हसतात, त्यांना वाटते मी गंमत करते. उरलेली तेरा वर्षे कोणाला द्यावीत हे मला ठरवता येत नाही, तरी हे कलम अपुरे समजून बाकीचे पूर्ण समजावे.

१२. हे कलम नंतर वाढवले आहे. साक्षीसाठी बेबीताईला बोलावले, तेव्हा कलम १० मध्ये काय आहे ते तिला सांगितले. ती म्हणाली, हे पोरीने वाचायचे कधी? मी म्हटले, मी गेल्यावर. बेबीताई म्हणाली, “मंग तिनं भांडावं कोनाशी?”

प्रियंका दर रविवारी नेरहून बस बदलून माझ्याकडे येते, माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत लावून देते. काल आली तेव्हा मी हे कागद तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचले, माझे व्याकरण दोन ठिकाणी सुधारले. घराचे वाचले, शेजाऱ्यांचे वाचून हसली. कलम १० वाचून झाल्यावर कागद सरळ करून टेबलावर ठेवले आणि पुन्हा गोळ्या लावायला बसली. मला वाटले तिला कळले नाही. मी विचारले. ती म्हणाली, “मले तवाच माहीत झालतं आई. नावाखाली दोन रेघा आपल्या घरात आनखी कोन मारते?”

मी म्हटले, मग सहा वर्षे संघदीपशी काहून बोलली नाहीस? मलाच का नाही बोललीस?

तिने मान वर केली नाही. “दादाशी सोडलं तं एक दादाच गेला. तुयाशी सोडलं असतं तं मले यायले जागाच नोती राह्यली.”

जाताना ती दारात म्हणाली, दादाला तूच सांग, मी सांगणार नाही.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले असून ते माझेच आहे, खोडलेले आणि रद्द केलेलेसुद्धा. साक्षीदार समोर बसलेले आहेत. त्यांनी सही केली की त्यांच्या देखत मी संघदीपला फोन लावणार आहे. ते मनात असल्यामुळे माझी सही नेहमीसारखी आली नसेल, तर ती माझी नाही असे कोणी म्हणू नये.

लिहून देणार:
नलिनी श्रावण मनवर

साक्षीदार:
१. बेबीताई उत्तम ढोके, आशा कार्यकर्ती, बोरी अरब
२. किसनसिंग धावजी राठोड, सेवानिवृत्त चालक, बोरी अरब

ठिकाण: बोरी अरब
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार