होटगी रस्त्यावरची काळी गाडी

बार्शी,
गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

पाकीट पाहून तू आधी दचकशील आणि मग हसशील. फोन असताना पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. पण फोनवर मी किती बोलते ते तुला ठाऊक आहे. ‘बरी आहे’, ‘जेवले’, ‘ठेवते’ एवढ्यात माझा संवाद आटोपतो. दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा सत्काराला उत्तर म्हणून चार वाक्यंही मला बोलता आली नव्हती, आणि तू मागच्या रांगेतून ओरडला होतास, ‘चैते, बोल की! कोण खातंय व्हय तुला!’ सगळं सभागृह हसलं आणि मी होते त्याहून गप्प झाले. आज जे सांगायचं आहे ते मला कागदावरच जमेल. तुझे दाजी, दीपक, उद्या बँकेच्या कामासाठी मंगळवेढ्याला येणार आहेत, तेव्हा हे त्यांच्याच हाती देते. रविवारच्या आत ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

रविवार का, ते तुला कळलं असेल. काल आबांचा फोन आला. एरवी आबा फोनवर शेजारच्या रानात हाक मारावी तसे ओरडून बोलतात. काल आवाज इतका खाली होता की मीच दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. म्हणाले, ‘चैते, जालिंदरानं त्या गाडीचा इसार दिलाय. येत्या रविवारच्या बाजाराला समदी मेंढरं नेतो म्हनतोय. एक बी ठेवत न्हाय.’ मी म्हटलं, आबा, तुम्ही बोला की त्याच्याशी. तर म्हणाले, ‘बोललो. त्यो म्हनला, आबा, तुमाला न्हाय कळायचं. मग मी काटी घेतली आन रानात गेलो. तुजं ऐकतोय बग त्यो.’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला नाही. मागून घंटेचा आवाज येत होता, आपल्या म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यातल्या.

गाडीवरून गावात काय काय चाललं आहे तेही त्यांनी सांगितलं. पारावर म्हणे रोज तुझाच विषय. कुणी म्हणतं, जालिंदरला झेडपीला उभं राहायचं आहे. निंगप्पा काकांनी तर आबांना भर चौकात विचारलं, ‘गुंडाभाऊ, आता मेंढरं चारायला त्या इमानातनं जानार म्हना की!’ आबांनी उत्तर दिलं, ‘मेंढरंच न्हाईत तर चारू काय, तुजी दाढी?’ लोक हसले. आबा मला हे सांगताना मात्र हसले नाहीत.

दादा, त्या सगळ्यांना वाटतं की ही तुझी हौस आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेसाठी मी आले होते तेव्हा तू मला न सांगता होटगी रस्त्यावरच्या त्या जुन्या गाड्यांच्या दालनात घेऊन गेलास. केवढी होती ती! काळी, जर्मन बनावटीची, आपल्या स्वयंपाकघराएवढी रुंद. पुण्याच्या कुणा बिल्डरनं तीन वर्षं वापरून काढून टाकलेली. तो विक्रीचा मुलगा, शिवयोगी, तुझ्याभोवती लग्नातल्या करवल्यासारखा नाचत होता. ‘साहेब, पाय नुसता ठेवा की, दाबू नका! दाबला तर थेट अक्कलकोट!’ इंजिन सुरू केलं तेव्हा आधी पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि माझ्या चपलेखालची फरशी थरथरली. मला वाटलं, आता तू वेग विचारशील, ताकद विचारशील, पिकपमध्ये बसून रोज ज्यांची स्वप्नं पाहतोस ते सगळं विचारशील.

तू त्यातलं काहीच विचारलं नाहीस. शिवयोगीनं एक कळ दाबली आणि ती अवाढव्य गाडी आपण होऊन चाकांवर खाली बसली, चढायला सोपं जावं म्हणून. तू म्हणालास, ‘परत करा बरं.’ त्यानं परत केलं. ‘आणखी एकदा.’ तो हसून म्हणाला, ‘साहेबांना लई आवडलं!’ मग तू मागची आसनं आडवी करायला लावलीस, चपला काढल्यास आणि आत जाऊन चक्क झोपलास. पाय लांब करून, डोळे छताकडे लावून. दालनातली दोन माणसं तोंडावर हात ठेवून हसली. मला इतकी लाज वाटली की मी शेजारच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहत उभी राहिले. तू आतूनच विचारलंस, ‘खड्ड्यातनं गेली तर हितं किती हादरं बसत्यात?’ शिवयोगी म्हणाला, ‘साहेब, मालकानं पुढं बसायचं असतंय. मागं झोपून कशाला बघताय?’ तू उठून बसलास आणि चपला घातल्यास.

नंतर खानावळीत कडक भाकरी मोडताना तू मला विचारलंस, ‘डॉक्टरीण काय म्हनली? समदं बरं हाय नव्हं?’ मी मान हलवली. पाचवा महिना लागल्याची बातमी देऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. तू म्हणालास, ‘पहिलं बाळंतपण हाय. माहेरीच यायचं. मी हाय की.’ त्या वेळी मला ते नेहमीचं बोलणं वाटलं. बार्शीच्या एसटीत बसले, खिडकीतून बाहेर पाहत राहिले, आणि वैरागच्या जवळपास कुठेतरी माझ्या लक्षात आलं की तू त्या गाडीत कुणासाठी झोपून पाहिलं होतंस. मी ओढणी तोंडावर घेतली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, ‘पोरी, मळमळतंय का?’ मी हो म्हटलं.

सोलापूर आपल्या गावापासून किती दूर आहे हे तू रोज भाडी मारत असल्यामुळे सगळ्यांत चांगलं जाणतोस. आणि ते तू चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपासून एकाच मापानं मोजतो आहेस, हेही मला माहीत आहे. आई गेल्यापासून आपण दोघं त्या दुपारविषयी एकदाही बोललो नाही. तू पिकप विकून नवी घेतलीस, मग तीही बदलून आणखी ताकदीची घेतलीस, आणि प्रत्येक वेळी मला फोन करून सांगितलंस, ‘ही चढाला दम खात न्हाय.’ मी ‘छान’ म्हणायचे. दवाखान्याच्या त्या ओसरीत डॉक्टर तुला म्हणाले होते, ‘थोडं आधी आणायला हवं होतं.’ ते बिचारे दिवसातून कितींना तसं म्हणत असतील. तू मात्र ते वाक्य उचलून घरी आणलंस आणि तेव्हापासून त्याच्याबरोबर राहतो आहेस.

आता आधी व्यवहाराचं बोलते. मी माहेरी येणार आहे. त्यात बदल नाही. सासूबाईंनीही तसंच सांगितलं आहे. पण शेवटचा महिनाभर मी सोलापूरजवळ कुंभारीला चांगुणा मावशीकडे राहीन. तिथून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, आणि मावशीनं माझ्यासाठी खिडकीखालचा पलंग रिकामाही केला आहे. ‘जालिंदराला म्हनावं, रोज ये, पन हॉर्न वाजवू नगंस, गल्लीतली लेकरं उठत्यात,’ हा तिचा निरोप. तेव्हा कुणाला कुठून धावत आणण्याची वेळच येणार नाही. आणि मेंढरं, दादा. आईच्या बापानं तिला लग्नात दोन मेंढ्या आंदण दिल्या होत्या; त्या कळपातलं प्रत्येक कोकरू त्यांच्याच पोटचं. तुझं भाड्याचं काम आता चांगलं चालतं, घराला मेंढरांची गरज उरलेली नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण आबा सकाळी उठून कुणाकडे जातील? तिच्या हातची तेवढीच जिवंत वस्तू त्यांच्याजवळ राहिली आहे. गाडी तुला हवी असेल तर अवश्य घे. तुझ्या हौसेला मी कधी नाही म्हटलं का? तीन वर्षांनी घे, नवी कोरी घे, मी स्वतः तिच्या चाकाखाली लिंबू ठेवायला येईन. फक्त माझ्यासाठी घेऊ नकोस, आणि त्या दुपारसाठी तर मुळीच नको.

कारण त्या दुपारचं तुला सगळं ठाऊक नाही. तू पुढे चालवत होतास, आबा तुझ्या शेजारी, आणि मी मागे हौद्यात, गोधड्यांवर आईचं डोकं मांडीवर घेऊन. आपल्या घरची समजूत तुला सांगायला नको. आजारी जनावर गाडीत घातलं की पोचेपर्यंत चाक थांबवायचं नाही. थांबलं की मरण वर चढतं. तू त्याच हिशेबानं एकदाही ब्रेक लावला नाहीस. मंगळवेढ्याच्या अलीकडे ती काळी रानं लागली, दोन्ही बाजूंना कणसाला आलेली ज्वारी. आईनं डोळे उघडले. रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्या ओठांना पाणी लावलं. ती थोडं बोलली, अगदी स्पष्ट, आणि मग तिची मान माझ्या हातात जड झाली. मी नाकाशी हात धरला. पदर धरून पाहिला. दादा, आई तिथेच गेली. भीमेचा पूल अजून पुढे होता, सोलापूर तर कितीतरी पुढे. तुझी त्या दिवशीची पिकप सोड, होटगी रस्त्यावरची ती काळी गाडी असती तरीही आई ज्वारीच्या रानापर्यंतच आली असती. हे मी तुला समजूत घालायला लिहीत नाही. मी खोटं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे.

मी केबिनच्या काचेवर थाप मारली नाही. मारली असती तर तू तिथेच थांबला असतास, भर उन्हात, आबांसमोर, रस्त्याच्या कडेला. तुझे हात स्टिअरिंगवर होते तोवर आई तुझ्यापुरती जिवंत होती. ते मला तोडवेना. मी पदरानं तिचं ऊन अडवत बसले आणि तू पळवत राहिलास. आजही तीच दुपार आली तर मी तसंच करीन. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी ते वाक्य म्हटलं, तुझा चेहरा मी पाहिला, आणि तोंड उघडून सांगायला गेले तर शब्दच आला नाही. नंतर जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. आता माझ्या पोटात जीव हलायला लागला आहे. तो हलतो तेव्हा मला कळतं की आईचं ते शेवटचं बोलणं माझं एकटीचं नाही. ते मुळात माझ्यासाठी नव्हतंच. ती तुझ्यासाठी बोलली होती, आणि काचेपलीकडे ते पोचवायचं काम माझ्यावर सोपवून गेली. हे सारं पत्र तेवढ्या एका निरोपासाठी लिहिलं आहे, जसा तिनं सांगितला तसाच देते. ‘जालिंदर चालवतोय नव्हं? त्याला म्हन, दमानं घे, बाळा. मला काय बी घाई न्हाय.’

वाट पाहते आहे, तुझीच,
चैती