चाकू परत देण्याची रीत

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय ठेंगूस,

अनेक आशीर्वाद. सहा फुटांचा झालास, दोन लेकरांचा बाप झालास, तरी माझ्या पत्रात तुझं नाव हेच राहणार. हरकत असेल तर स्वतः येऊन नोंदव. तुझं पत्र पोचलं. बायकोची कंबर बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, जड कपाटं नवऱ्याला हलवू दे. सुतार नवरा केला तो काय फक्त कपाटं बनवायला?

अक्षर एवढं वळणदार कसं, म्हणून चकित होऊ नकोस. मी सांगते आहे आणि तुझे दाजी लिहून घेताहेत. माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे.

(लिहिणाऱ्याची नोंद: चष्मा तिच्या नाकावर आहे. — दाजी)

इकडे सगळं ठीक. बायकांचा स्वसंरक्षणाचा वर्ग जोरात चालला आहे. साबणाच्या बंद कारखान्यातली तीच पॅकिंगची खोली, तोच वास. फरशी पुसायला घेतली की अजून फेस येतो. काठी फिरवताना कुणी घसरून पडली की बाकीच्या ओरडतात, "आणखी एक धुऊन निघाली!" नव्या बायका इतक्या आल्यात की तू तासून दिलेल्या काठ्या पुरत नाहीत, दोघींत एक वापरतो. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करणारी एक आडदांड बाई आली आहे. ती काठी अशी फिरवते की समोरच्या बाईला आपण पातेल्यात पडल्यासारखं वाटतं. दाजींनी सगळ्यांना मनगटाचे पट्टे शिवून दिले, पण जुन्या सोफ्याच्या कापडाचे, मोठमोठ्या फुलांचे. आमची फौज कुणाच्या तरी दिवाणखान्यातून पळून आल्यासारखी दिसते.

(कापड मजबूत आहे. फुलांना नावं ठेवणाऱ्यांनी स्वतः शिवावं. — दाजी)

दवाखान्यातल्या कामगारांच्या सभेत परवा बोलले. मागच्या रस्त्यावर दिवे हवेत, ही मागणी. मी म्हणाले, "ज्या रस्त्यावर बाईला किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून चालावं लागतं, तो रस्ता तिचा नसतोच. तिथून तिला फक्त जाऊ दिलं जातं. आणि जाऊ देणाऱ्याचं मन कधीही फिरू शकतं!" लोक उभे राहिले. व्यवस्थापक मात्र बसूनच होता, त्याचे पाय दुखत असावेत.

आता कामाचं. तू महिनाभर रजा काढून इकडे ये आणि वर्ग घे. मला जरा विश्रांती हवी आहे.

(ठेंगू, हे वाक्य मी तिला दोनदा म्हणायला लावलं. लग्न झाल्यापासून हा शब्द तिने स्वतःसाठी वापरलेला मला आठवत नाही. — दाजी)

दाजी मध्ये मध्ये काय खरडताहेत कोण जाणे. वाचून दाखवतात ते आणि लिहितात ते एकच आहे याची मला मुळीच खात्री नाही.

तुझ्या पत्रात पुन्हा तोच वाद. चाकू परत देण्याच्या रीतीबद्दल. बाबांनी आपल्याला शिकवलं ते मी आजही तसंच शिकवते: जोडीदार चाकू घेऊन अंगावर येतो, तू बाजूला सरतोस, मनगट धरून पिळतोस, चाकू तुझ्या हातात येतो. मग तो उलटा करून, मूठ पुढे करून, मान लववून त्याला परत द्यायचा आणि म्हणायचं, "घे." एवढं झाल्याशिवाय डाव पुरा होत नाही. तू म्हणतोस ही जुनी सवय मोडायला हवी. मी म्हणते, त्या एका शब्दामुळेच आपण गुंडांची टोळी न होता वर्ग आहोत. ज्याच्या हातून शस्त्र घेतलं त्याच्यावर विश्वास ठेवून ते परत करणं, यापरतं मोठं धैर्य कोणतं? गेल्या खेपेला यावर मी तुला चार पानं लिहिली, तर तू उत्तरात एवढंच कळवलंस: "ताई, वादात तू जिंकलीस. पण चाकूने तुझं भाषण ऐकलेलं नाही." हुशार समजतोस स्वतःला. तर या मुद्द्यावर माझं म्हणणं असं की

(ठेंगू, इथे तिने वाक्य अर्धवट टाकलं. हिने! मग म्हणाली, "ते राहू द्या. लिहा, उजवा हात पत्र्याला लागून जरासा कापलाय, काळजीचं कारण नाही." मी म्हणालो, "आयुष्यभर मापात खोटं केलं नाही, ते आता मेव्हण्याच्या पत्रात करू?" ती म्हणाली, "मग काय मी डाव्या हाताने लिहू?" मी म्हटलं, "लिही." आत्ता ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते आहे ती तुला ठाऊक आहे. मी शिलाईच्या दुकानात जाऊन बसतो. — दाजी)

गेले. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. त्याचाच जास्त राग आला.

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आहे, लावून वाच. या हाताला भाषण येत नाही, हे एक बरं.

पत्रा वगैरे काही नव्हता. चोर होता. "चोर" एवढंच तुला लिहिलं असतं तर पुढचं तू न सांगता ओळखलं असतंस. म्हणून पत्रा.

दहा-बारा दिवसांपूर्वी सकाळचा वर्ग संपवून मी आणि पट्टीवाली बाहेर पडलो. तुला ती माहीत नाही. दवाखान्यात जखमा बांधते, म्हणून सगळ्या तिला पट्टीवाली म्हणतात. बारीक आहे, कमी बोलते, रात्रपाळी करून थेट वर्गाला येते. कारखान्याच्या भिंतीला लागून आम्ही चाललो होतो. हातातली काठी दाखवून ती मला विचारत होती, ही नेहमी लांबच्या टोकाला का धरायची. मी अंतराचं महत्त्व समजावत होते. चांगलं चाललं होतं माझं. तेवढ्यात एक माणूस समोर आला. तरुण होता, डोळे लाल. हातात स्वयंपाकघरातला असावा तसा चाकू. पट्टीवालीच्या पिशवीकडे बोट करून म्हणाला, "दे इकडे."

मी मध्ये गेले. त्याने हात पुढे घातला. ठेंगू, खरं सांगते, मी काही ठरवलंच नाही. पाय आपोआप सरले. मनगट हातात आलं, पिळलं, चाकू माझ्या मुठीत. इतकं स्वच्छ वर्गातसुद्धा कधी जमलं नव्हतं. बाबा असते तर त्यांनी मान डोलावली असती, असंही मनात येऊन गेलं. मला केवढा आनंद झाला असेल!

आणि मग मी चाकू उलटा केला, मूठ पुढे केली, मान लववली आणि म्हणाले, "घे."

त्याने घेतला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. त्याच्या तोंडावर माझ्याइतकाच गोंधळ. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा दोघांत तोच जास्त शुद्धीवर होता, कारण आधी तो हलला. चाकू पुन्हा आला. या वेळी मी पातं धरलं. मूठभर पातं. त्याने ओढलं.

पुढचं पट्टीवालीने केलं. काठी लांबच्या टोकाला धरून तिने त्याच्या बोटांवर हाणली. डोक्यावर नाही, बोटांवर. ते तू शिकवलेलं आहे, मी तुझ्या नावाने शिकवते. चाकू खाली पडला. तिने तो पायाने गटारात लोटला, माझा दंड धरला आणि ओरडत मला ओढत रस्त्याच्या तोंडापर्यंत नेलं. तो दुसरीकडे पळाला.

माझ्या हाताला टाके आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाहीत. डॉक्टरबाई म्हणतात, थांबा, बघू. पण हात हे काही सांगायचं मुख्य नाही, तू त्यावर रडत बसू नकोस.

मुख्य हे. दवाखान्यात पट्टीवाली शेवटची गाठ मारत होती. तिने विचारलं, "ताई, तुम्ही त्याला परत का दिला?" मी म्हणाले, "दिला कुठे? त्याने हिसकावला." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

मी बायकांना सांगितलं, चोर आला, मी चाकू काढून घेतला, तो पळताना हाताला लागलं. यात पहिलं वाक्य खरं, दुसरंही खरं. टाळ्या वाजल्या. तुला ठाऊक आहे, टाळ्या वाजल्या की मला उगीचच खरं बोलल्यासारखं वाटतं. बातमी पसरली आणि म्हणूनच तर खोली भरली. त्या खानावळवालीला शेजारणीने सांगितलं, "तिथे जा. तिथली बाई चोराच्या हातातून चाकू काढून घेते." सगळ्या ते ऐकून आल्या आहेत.

शुक्रवारी मी भिंतीला टेकून उभी होते. हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे फक्त तोंडाने शिकवत होते. दोन ओळी समोरासमोर. सरा, धरा, पिळा. मग सगळ्या खोलीने एका सुरात म्हटलं, "घे!" लाकडी चाकू मुठीकडून परत गेले. सगळ्यांत झटपट खानावळवाली. तिचा हात विचार न करता वळत होता, अगदी माझ्यासारखा. मी तिचं कौतुक केलं. तोंडातून निघून गेलं, "शाब्बास!" ती लाजली.

तिला रोज पहाटे अंधारात खानावळीत जावं लागतं, ठेंगू. एकटीला.

बाबांची रीत वाईट नव्हती, हे मी आजही म्हणणार. त्यांच्यापुढे भावकीतली पोरं होती, एकमेकांवर डूख धरलेली. त्यांना शस्त्र परत करायला शिकवणं हेच खरं शिक्षण होतं. माझ्यापुढच्या बायकांचं कुणाशी वैर नाही. त्यांना सुखरूप घरी पोचायचं आहे. हा फरक तू चार वाक्यांत लिहिला होतास आणि मी चार पानांत उडवून लावला. "चाकू हातात आला की मागे सर, लांब भिरकाव, ओरड, पळ," असं तुझं. मला त्यातलं "पळ" सहन झालं नव्हतं. आम्ही जन्मभर काय पळायलाच शिकायचं का, असं मी लिहिलं होतं. जोरदार वाक्य आहे. पट्टीवालीने माझा दंड धरून ओढलं तेव्हा मी मात्र मुकाट पळाले, आणि ती शरणागती वाटली नाही. मी जिवंत आहे, एवढंच वाटलं.

काल संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं. हातात पीठ लागलेलं. मी म्हणाले, "मी परत दिला. हिसकावला नाही. सवयीने दिला."

ती म्हणाली, "मला दिसलं होतं ताई."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." मग तिने माझा हात उजेडाकडे धरून पट्टी पाहिली आणि म्हणाली, "ही कोणी बांधली? फार घट्ट आहे." आणि तिथेच उंबऱ्यात बसून, पिठाचे हात धुऊन, नव्याने बांधून दिली. मला रडू आलं. दाजींना सांगू नकोस, उगाच हळवे होतात.

उद्या सकाळी मी सगळ्यांना सांगणार आहे. चोर, चाकू, "घे", सगळं. पट्टीवाली येते म्हणाली. कुणी हसतील. खानावळवाली बहुधा चिडेल, तिचा चिडण्याचा हक्क आहे. काही जणी निघून जातील, आणि गेल्या तर मी भाषण करून त्यांना थांबवणार नाही. पण ज्या राहतील त्या विचारतील, चाकू हातात आला की मग काय करायचं? ते मला येत नाही रे. मला परत देण्यापर्यंतच येतं. तोंडाने सांगता येईल, पण जुन्या हातांतून सवय काढायची तर समोर कुणीतरी रोज उभं राहायला हवं, शंभरदा, हजारदा, न थकता. माझ्या हाताला ते आता जमणार नाही. ज्याला जमेल तो तिकडे कपाटं हलवतो आहे.

म्हणून ये. विश्रांती वगैरे काही नको मला. पोरांची शाळा बुडत असेल तर एकटा ये, बायको परवानगी देत नसेल तर मी तिला वेगळं पत्र लिहीन, उजव्या हाताची वाट न बघता. माझ्या मताशी तू वाद घातलास म्हणून मी तुला कधी कमी लेखलं नाही. माझ्या घरात वाद घालणारं माणूस सगळ्यांत लाडकं असतं, हे दाजींकडे बघून तुला कळलंच असेल. ते परत आलेत वाटतं. जिन्यावर खोकताहेत, म्हणजे आत येऊ का असं विचारताहेत.

खोली तुझी. आवाज चढवावा लागला तर चढव, माझ्यावरही. मी चुकले की सगळ्यांसमोर थांबव आणि पुन्हा करायला लाव. बाबा लावायचे तसं.

तुझी वाट बघणारी,
तुझ्या वर्गातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कच्ची विद्यार्थिनी,
ताई