वुल्फमारबाबांचं तो, ती, ते

२ नोव्हेंबर ११४८

आज पुन्हा फजिती! मठात जेवणाच्या वेळी तरुण आल्ड्रेड पोथी वाचायला उभा — मीच नकललेलं पान — आणि सगळ्या शब्दांना एकाच काठीने हाकलं. ना तो, ना ती, ना ते. कुणाचा घास अडला नाही.

नंतर त्याला धरलं. "अरे, आपल्या जुन्या इंग्रजीत सूर्य ती, चंद्र तो, बायको ते! एवढंही येत नाही?" म्हणाला, "गावात कुणाच्या बायकोला 'ते' म्हणून बघा, ब्रदर. डोक्यात पळी बसेल." सगळा मठ हसला.

५ नोव्हेंबर

प्रवचनांची जुनी पोथी ओलीने खाल्ली आहे. शब्दांची शेपटं, ज्यांवरून तो, ती, ते कळायचं, तीच गेली. ती वुल्फमारबाबांना विचारून भरायची आणि नवी प्रत करायची — दोन वर्षं हेच चाललंय. जुनं बोलणं येणारा या दलदलीच्या मुलखात तो एकच म्हातारा. आज 'हात' विचारला. म्हणाले, तो. सोमवारी ती म्हणाले होते! मीच चुकीचं ऐकलं असणार. खरवडून 'तो' केलं.

९ नोव्हेंबर

मठाधिपती समुद्रापलीकडचे. म्हणाले, "लिहायचं कातडं फुकट येतं का? लॅटिनमध्ये लिहा, नाहीतर लोक बोलतात तसं लिहा." चिडून फाटकावर गेलो. वाम मासे विकायला येणाऱ्या गोडगिफूबाईला विचारलं, दगड बाई की बाप्या? "कुणी का असेना, पायावर पडला की लागतो सारखाच!"

१० नोव्हेंबर

काल हसलो होतो. आज नाही. तिचंच खरं होणार, तो, ती, ते कुणाला लागणारच नाही.

१४ नोव्हेंबर

बाबांनी अंथरूण धरलं. पेजही जात नाही. लाज वाटली, तरी विचारलंच — वीस शब्द. पटापट उत्तरं, एकदाही अडले नाहीत! हा माणूस गेल्यावर मी कुणाला विचारू?

१७ नोव्हेंबर

पहाटे कुणी मरणाला टेकल्याची फळी बडवली. सगळे धावलो. रिवाजाप्रमाणे बाबांना जमिनीवर, राख पसरलेल्या घोंगडीवर उतरवलं होतं. ते एकेकाची माफी मागत होते, आम्ही एकेक जण वाकून 'माफ' म्हणत होतो.

माझी पाळी आली तेव्हा मनगट धरलं. "मी सगळं विसरलोय रे. कधीचाच. बोलायला कुणी उरलं नाही, निसटून गेलं. तू रोज यायचास, जवळ बसायचास... येत नाही म्हणवेना. तोंडाला येईल ते सांगत गेलो."

मी 'माफ' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मागे रांग होती.

दोन वर्षांची शाई! त्यात खरं किती, खोटं किती, आता कुणालाच कळणार नाही. दिवसभर रडतोय. बाबांसाठी की पानांसाठी, तेही सांगता येत नाही.

२० नोव्हेंबर

आल्ड्रेड आपणहून आला. थट्टा नाही, काही नाही. "बाबा गेले, आता तुम्हीच उरलात, ब्रदर. मला शिकवा. 'दार' काय?"

मला ठाऊक नव्हतं. "ती," मी म्हणालो. लगेच.