आठ अंड्यांची बारा पिल्लं

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता की नुसते केल्याचे सांगता, हे खरं कळवा (तुमच्या भावाच्या मते सांगता). इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत, कोंबड्यांचं पुढे लिहिते. फोनच केला असता, पण मी फोन घेतला की हे शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचल्याचं नाटक करतात, आणि हा मजकूर त्यांच्या कानावर जाता कामा नये. गेल्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की या रविवारी पिंजरा घेऊन या आणि तुम्ही हौसेने दिलेल्या तिन्ही कोंबड्या परत घेऊन जा, मी हात टेकले. ते पत्र रागाच्या भरात लिहिलं होतं हे तुम्ही ओळखलं असेलच. पण तुम्ही शब्दाच्या पक्क्या, रविवारी पिंजरा घेऊन दारात उभ्या राहाल. म्हणून मध्यंतरी काय घडलं ते सविस्तर कळवते. वाचा आणि निवाडा तुम्हीच करा.

मूळ दुखणं कोंबड्यांचं नव्हतंच. तुमचे बंधुराज शाळेत कवायतीचे मास्तर होते तेव्हा त्यांचं ‘सावधान’ गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं आणि तिथला दूधवाला दचकून ताठ व्हायचा. निवृत्त झाले आणि माणूस मुका झाला. घशाला काही नाही, दाखवून झालं. नुसतं ‘हं’. मुलीचा फोन आला होता, हं. गॅस संपला, हं. मी माहेरी निघून जाते, हं (माहेरी आता कोण आहे जायला, पण निदान विचारावं तरी!). अशात त्या तांबड्या कोंबडीला, जिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, खुडूक होण्याची बुद्धी झाली. मागच्या खोपटात यांची जुनी व्हॉलीबॉलची जाळी घडी करून ठेवली होती, तिच्यावर बाईसाहेबांनी ठाण मांडलं. पिसं फुलवून दुप्पट होऊन बसायचं, जवळ गेलं की गुरगुरायचं, हात नेला की चोच मारायची. मी तिला उचलून अंगणात ठेवलं, ती माझ्या आधी खोपटात परत. शेवटी हे म्हणाले, “बसू दे तिला. तिघींची मिळून आठ अंडी आहेत, ठेवतो खाली.” वन्सं, कित्येक महिन्यांत ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य!

आणि मग हे बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, कोंबडीशी. दाणे ठेवताना तिची विचारपूस, पाणी बदलताना शाळेतल्या जुन्या मॅचच्या गोष्टी, ती दिवसातून एकदा उठून धुळीत लोळायला गेली की दारात पहारा. बायकोला ‘हं’ आणि कोंबडीला गप्पा! माझं पित्त खवळलं आणि मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. पोस्टात टाकून तरातरा घरी आले आणि म्हटलं, बघू तरी या सवतीत आहे काय. खोपटात गेले तर बाईसाहेबांनी माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बघायच्या तशी माझ्याकडे मान तिरकी करून नजर टाकली. मी आपली स्टूल ओढून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग हेही शेजारी बादली उपडी घालून बसायला लागले. आधी पिल्लं कधी निघतील यावर बोललो, मग मुलीवर, मग तिच्या सासूवर, आणि एकदा तर आमचं चक्क कडाक्याचं भांडण झालं. किती दिवसांनी! मला त्या रात्री इतकी छान झोप लागली म्हणून सांगू.

आता लाजेची गोष्ट. पिल्लं निघायच्या आदल्या दिवशी पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. जाताना खोपटात डोकावला आणि म्हणाला, “मॅडम, कोंबडा कुठं आहे?” म्हटलं, कोंबडा नाही, पहाटे आरवतो, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून मीच नको म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पिशवी उचलली आणि खाली बघत गेला. वन्सं, मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं! (पुनरुत्पादनाच्या धड्याला मात्र ‘हा घरी वाचून या’ असं सांगायची. मुलं वाचून येत असावीत. मी नाही वाचला.) कोंबड्याशिवाय अंड्यातून पिल्लू निघत नाही, हे डोक्यात आलंच नाही. अंड्यांचं दुःख नव्हतं. उद्या काहीच निघालं नाही की हे पुन्हा त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या खेपेला उठणार नाहीत, याची भीती वाटली.

तशीच उठले, पिल्लं विकणाऱ्याच्या दुकानात गेले, एका दिवसाची सहा पिवळी पिल्लं चपलांच्या खोक्यात घालून आणली आणि ओट्याखाली ठेवली. खोकं चिवचिव करायला लागलं म्हणून दुपारभर रेडिओ मोठ्याने लावला. नेमके त्याच दुपारी हे व्हरांड्यात खड्या आवाजात गाणी म्हणत होते. मला वाटलं, बिचारा उद्याच्या आनंदात आहे, आणि माझे डोळे भरून आले. तिन्हीसांजेला हे फिरायला गेले तशी मी खोपटात शिरले. सहा अंडी काढली, दोन तशीच राहू दिली (सगळीच्या सगळी निघाली तर संशय येतो, एवढी अक्कल मला आहे) आणि एकेक पिल्लू बाईसाहेबांच्या पोटाखाली सरकवलं. चार चोची खाल्ल्या. पण सहावं आत गेलं तशी ती गुरगुरायची थांबली आणि घशातल्या घशात काही वेगळंच बोलायला लागली. तो आवाज मी याआधी तिचा ऐकला नव्हता. मी तिथेच बसून थोडी रडले.

सकाळी यांनी हाक मारली, ती थेट मैदानावरच्या आवाजात. धावले. बाईसाहेब दारात उभ्या, टुक टुक करून दाणे दाखवताहेत, आणि पायाशी पिल्लं. यांनी कवायतीच्या सवयीने बोट दाखवत मोजणी केली. बारा. मी मोजली. बारा. सहा पिवळी, सहा तपकिरी. मागे जाळीवर दोन अंडी शाबूत. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बराच वेळ पिल्लांकडे बघत राहिलो. यांच्या अंगठ्याला पट्टी होती. माझ्याही बोटांना होत्या. शेवटी हे खाकरले आणि म्हणाले, “जुळी असतील.” मी, तीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई, म्हणाले, “हो, होतात कधी कधी.”

पुढे दाणा आणायला त्याच दुकानात गेले तेव्हा उलगडा झाला. दुकानदार म्हणाला, “तुम्ही गेल्यावर तासाभरात सर आले होते. पिवळी संपली होती, म्हणून तपकिरी नेली. म्हणाले, बायको फार आशेवर आहे हो, रोज स्टूल टाकून बसते, तिला कळता कामा नये.” म्हणजे वायरमनने यांनाही गाठलं होतं. खोकं यांच्या खुर्चीखाली होतं, पिल्लं यांनी रात्री मी झोपल्यावर अंधारात चाचपडत सरकवली असणार, आणि मी ज्याला आनंदाची गाणी समजले ती त्या खोक्यावरचं पांघरूण होती! वन्सं, मी दाण्याचं पोतं हातात घेऊन रस्त्यात उभी राहिले आणि हसू की रडू ते कळेना. मी ज्याची काळजी करत होते तो माझी काळजी करत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात याहून गोड काही माझ्या वाट्याला आलेलं आठवत नाही.

घरी येऊन अर्थातच काही बोलले नाही. आता रोज सकाळी हे शिट्टी वाजवून पिल्लांना रांगेत उभं करू बघतात. पिल्लं ढिम्म. बाईसाहेबांनी एकदा ‘टुक’ केलं की बाराच्या बारा पळत जातात, आणि हे माझ्याकडे वळून म्हणतात, “शिस्त आहे, फक्त माझी नाही.” बाकी त्रास म्हणाल तर आहेच. कोथिंबिरीच्या वाफ्याची धूळधाण झाली, उरलेल्या दोघी कोंबड्या पिल्लांच्या दाण्यावर डल्ला मारतात, अंगणात पाऊल जपून टाकावं लागतं. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. न्यायाचं तुम्ही बघा. गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. न्यायबिय राहू द्या. रविवारी या, पोटभर जेवा, पण पिंजरा आणू नका. खरं तर एवढंच लिहायचं होतं.

ता. क. दुसरा. हे जुळ्यांचा विषय काढतील. “आमच्याकडेही झाली होती एकदा,” असं म्हणा, आणि हसू नका. तुम्हाला हसू आवरत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा खोकला काढा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “ताईला लिहितेस ना? तिला म्हणावं, येताना एक कोंबडा आण.” मी म्हटलं, अहो, शेजारी काय म्हणतील? तर म्हणाले, “शेजाऱ्यांशी मी बोलतो. पुढच्या खेपेला दोघं मिळून खरीखुरी काढू.” आणि माझ्याकडे न बघता अंगणात निघून गेले. वन्सं, पिंजरा आणा.