हट्टी आकडा

मंगळवार, ता. ९

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. प्राध्यापक झालीस, दोन-दोन विद्यापीठांची माणसं तुझ्यापुढे वह्या उघडून बसतात, तरी पत्रात तू छोटीच. मी फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला धड खोटं बोलता येत नाही आणि धड खरंही. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे होते तिथेच आहेत. मी घरी बसलोय याचा फायदा घेऊन तुझ्या वहिनीने माळ्यावरचं सगळं सामान माझ्याकडून उतरवून घेतलं, आणि पुसून पुन्हा चढवूनही घेतलं. आईला सांगितलंय की साठलेली रजा घेतली. निलंबन हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. पण तिला कळलं असावं. रोज सकाळी ती मला विचारायची, कपडे बाहेर वाळत घालू का? मी सांगेन तसं करायची आणि कपडे भिजले की दिवसभर ऐकवायची. हल्ली विचारत नाही. गॅलरीत जाते, स्वतःच वर बघते आणि काय ते ठरवते.

तू पुन्हा पुन्हा लिहिते आहेस की चौकशी समितीपुढे येऊन त्या दुपारचं सगळं सांगणार. माझं उत्तर स्पष्ट आहे. येऊ नकोस.

समितीने मला विचारलं, बेटावरच्या हवामान केंद्राचा आकडा तुम्ही पाहिला नव्हता का? मी म्हटलं, नजरेतून सुटला. कुणाला विचारलंत का? नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. आता तू येऊन वेगळं सांगितलंस तर मी खोटारडा ठरेन आणि तू तुझ्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेशील. तुमच्या विद्यापीठाचा आणि आमच्या हवामान कार्यालयाचा करार नव्याने व्हायचा आहे. त्यासाठी तू कुणाकुणाच्या दाराबाहेर ताटकळत बसलीस ते मी पाहिलंय. तुझ्या विद्यार्थ्यांचं सगळं त्याच्यावर आहे. माझी नोकरी तशीही उताराला लागलेली. एकाच घरातल्या दोघांनी कशाला बुडायचं?

बुडायचं, असं सहज लिहून गेलो. राहू दे, खोडत नाही.

तुझा वर्ग आठवतो. आम्ही कार्यालयातले अर्धे पिकलेले लोक बाकांवर कोंबलेले आणि फळ्यापुढे तू. मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसलो होतो, तुला अडचणीत आणायला. तू फळ्यावर 'डेटा असिमिलेशन' असं लिहिलंस तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर? तू हसली नाहीस. म्हणालीस, आत्ता हवा कशी असेल याचा यंत्राचा आपला एक अंदाज असतो. बाहेरून खरी मोजमापं येत असतात. दोघांपैकी कुणाचं किती ऐकायचं ते ठरवून एक चित्र तयार करायचं आणि तिथून पुढचं भाकीत काढायचं. इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला तुझा फार अभिमान वाटला. तो लपवायला मी हात वर केला आणि विचारलं, एखादं मोजमाप यंत्राच्या अंदाजापासून फारच लांब असलं तर?

तू म्हणालीस, तो हट्टी आकडा. यंत्र आपण होऊन त्याला बाहेर ठेवतं, कारण बहुतेक वेळा उपकरणच बिघडलेलं असतं. आणि एकदा बाहेर ठेवलेला आकडा हाताने परत आत घ्यायचा नाही. सरावात मी तसे आकडे आत घेत सुटलो, तेव्हा तू मला सगळ्यांदेखत उभं केलंस. "हे आमच्या घरचे हट्टी," म्हणालीस. वर्ग हसला, मीही हसलो. तेव्हापासून कार्यालयात माझं नाव हट्टीच पडलं.

नियम वेडा नव्हता. गेल्या हंगामात याच बेटाने आम्हाला तोंडघशी पाडलं होतं. खारट हवेने तिथलं वायुदाबाचं उपकरण खाल्लं होतं, आकडा भलताच आला, मी बोटी दिवसभर बंद ठेवल्या आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. वर्तमानपत्रांनी आमची यथेच्छ टिंगल केली. त्यानंतर उपकरण बदललं, पण बेटाची अब्रू काही परत आली नाही.

त्या दुपारी बेटाचा वायुदाब भराभर उतरत होता. आजूबाजूच्या एकाही केंद्राला त्याचा पत्ता नव्हता. यंत्राने आकडा बाहेर ठेवला. मी तुला फोन केला. तू पाहुण्यांबरोबर सभागृहात होतीस, मागे टाळ्या चालल्या होत्या. मी विचारलं, बेटाचं ऐकू का? तू म्हणालीस, "दादा, हट्टी आहे तो. राहू दे बाहेर."

मी राहू दिला. संध्याकाळची फेरीबोट सोडायला हरकत नाही असं बंदराला कळवलं. खाडीच्या मध्यावर वादळाने तिला गाठलं. पुढचं तुला माहीत आहे.

खुर्चीत मी होतो, तू नव्हतीस. विषय संपला. येऊ नकोस.

शुक्रवार, ता. १२

पत्र टाकलं नाही. वर लिहिलेलं तसंच ठेवतो, कारण तेव्हा मला ते मनापासून वाटत होतं. निदान तसं मी समजत होतो.

काल मोठ्या साहेबांनी कार्यालयात बोलावून घेतलं आणि अहवालाचा मसुदा वाचायला दिला. माणूस वाईट नाही. मी वाचत असताना माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून खिडकीतल्या कुंडीची पिवळी पानं तोडत बसले होते. माझ्याबद्दल जे लिहिलंय ते मी धरूनच चाललो होतो. पण खाली उपाय सुचवलाय. टेबलावरच्या माणसाची नजर चुकते, हे सिद्ध झालंय. म्हणून बाहेर ठेवलेला आकडा परत आत घ्यायची सोयच यापुढे आमच्याकडून काढून घ्यायची. यंत्राचा शब्द शेवटचा. आणि त्याचं प्रशिक्षण सगळ्या कार्यालयांना तुमच्या विद्यापीठाने द्यायचं. म्हणजे तू द्यायचंस.

मी साहेबांना म्हटलं, हे तर उलटंच झालं. यंत्रानेच बेटाला बाहेर ठेवलं होतं.

ते म्हणाले, "पण तुम्ही तो आकडा पाहिलाच नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना? माणसाच्या हातात सोय असून उपयोग झाला नाही, मग आम्ही दुसरं काय लिहायचं?"

मी पाहिला होता. मला शंका आली होती. मी विचारलं होतं. यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही, कारण तुला वाचवायला मी ते गिळलं. आता त्याच खोट्यावर नवा नियम उभा राहणार आहे, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या तरी बेटाचा आकडा खरा असला तर तो परत आत घ्यायला कुणाचा हातच मोकळा नसेल.

तिथून आमच्या खोलीत गेलो. माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे आखणारी बाई बसायची, तुला आठवत असेल. तुझ्या वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची ती. ती त्या बोटीवर होती हे मी तुला कळवलं होतं. तिचा नवरा तिचं सामान न्यायला आला होता. खुर्चीच्या पाठीवरची शाल, चष्म्याचं घर, टेबलाखालचा चपलांचा जादा जोड. चपला त्याने आधी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मग कागद काढून टाकला आणि तशाच पिशवीत ठेवल्या. मला म्हणाला, "सकाळी निघताना म्हणाली होती, बसने येते. मग बोटीने का निघाली? तुम्हाला काही बोलली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

छोटे, ती बोलली होती.

त्या दिवशी निघताना पर्स खांद्याला लावून ती माझ्या टेबलापाशी थांबली. बेटाचा आकडा तिनेही पाहिला होता. तिने विचारलं, "बोटीने जाऊ की बसने?" बस सगळ्या खाडीला वळसा घालून जाते, घरी पोचायला रात्र होते. मी म्हटलं, "बोटीने जा. बेट काय, हट्टीच आहे." तुझ्याशी नुकताच बोललो होतो ना, शब्द जिभेवरच होता. ती हसली. म्हणाली, तुमच्यासारखंच. आणि गेली.

हे मी समितीला सांगितलं नाही, काल संध्याकाळपर्यंत तुझ्या वहिनीला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुझ्यासाठी म्हणून तुला अडवत होतो, ते निम्मंच खरं. तू त्या दुपारबद्दल तोंड उघडलंस की मलाही उघडावं लागलं असतं आणि मग हेही बाहेर आलं असतं. त्या माणसाला नाही म्हणताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. त्याची मला अजून किळस येते.

म्हणून आता वरच्या सगळ्याच्या विरुद्ध लिहितो. ये. सोमवारी समिती शेवटची बसते आहे. मी माझं आधीचं निवेदन मागे घेणार. तू फोनचं सांग, नियमाचं सांग, तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही तेही सांग. ते माझ्यापेक्षा तुलाच नीट सांगता येईल. करार बहुतेक जाईल. तुझी खुर्चीही जाऊ शकते. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीकडे असं काही मागायचं नसतं, एवढं मला कळतं. तरी मागतो आहे. आणि तू नाही आलीस तरी फोनचं मी सांगणारच आहे. ते तुला माझ्याकडून आधी कळावं.

रविवारी त्या माणसाच्या घरी जाऊन येतो. समितीच्या आधी त्याला कळलं पाहिजे. काल संध्याकाळी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मीही येते. मी नको म्हटलं. तिथे तरी मला कुणाच्या आडोशाला उभं राहायचं नाही.

आज सकाळी आईने कितीतरी दिवसांनी विचारलं, कपडे बाहेर घालू का? म्हटलं, तूच बघ ना.

ती म्हणाली, "मी बघितलंय. तुला काय वाटतं ते विचारतेय."

छोटे, त्या दिवशी वर्गात तू मला सगळ्यांदेखत उभं केलंस. आता मी तुला उभं करतो आहे. तुझ्या शेजारीच असेन.

तुझा,
दादा